सेंट्रल पार्कला आर्किटेक्ट मैत्रिणीबरोबर जाऊ नये (किंवा तिच्याचबरोबर जावं)

जाईजुई

इतकी वर्षं न्यू जर्सीत काढली पण न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क म्हणजे आमच्यासाठी काय, तर भारतातून पाहुणे आले की टाइम्स स्क्वेअर, मग ५९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरून आत डोकवायचं, घोडागाडीसमोर फोटो, चला आता भूक लागली. या शनिवारी कॉलेजची गँग जमली होती, त्यातली एक पुण्याहून आलेली, आर्किटेक्ट आहे, तिने विमानात बसायच्या आधीच बजावलेलं की मॉल नको आउटलेट नको, मला पार्क खालपासून वरपर्यंत चालायचंय. म्हटलं चल बाई. आता सोफ्यावर आडवी पडून टाइप करतेय, मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

मेट्रोपार्कहून ट्रेन, पेन स्टेशनला उतरून सबवेची सी लोकल, ७२व्या रस्त्याला बाहेर, समोरच पार्क. जॉन लेननच्या आठवणीतलं ते जमिनीवरचं मोझॅक तिथंच आहे, गिटारवाला, गर्दी, सेल्फी, आम्ही पटकन पुढे सटकलो. मग तळं दिसलं, पाण्यावर वाकलेली झाडं, बदकं, होड्या, मी म्हटलं बघ ना, एवढ्या शहराच्या मधोमध हा निसर्ग यांनी कसा काय जपून ठेवला. बाईसाहेब जागीच थांबल्या. म्हणाली, जपला कुठे, बांधलाय. इथे दलदल होती, हे तळं खणलंय. तिथून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत.

तर तिच्या म्हणण्याप्रमाणे या ८४३ एकरांत आधीपासूनचं असं काय, तर खडक. तळी सगळी माणसाने केलेली, टेकाडं सुरुंग लावून हवी तशी कापलेली, झाडं लाखोंनी आणून लावलेली. आणि माती? (इथे जर्सीकरांनी कॉलर ताठ करा) मूळची माती झाडं धरेल इतकी कसदार नव्हती म्हणून साडेअठरा हजार घनयार्ड माती न्यू जर्सीहून आणली! म्हणजे आपण उगाच ट्रेनचं तिकीट काढून जातो, आपलीच माती आहे तिकडे.

रॅम्बल म्हणून जो जंगलासारखा भाग आहे, वळणावळणाच्या पायवाटा, मध्येच ओढा, लाकडाचे साकव, तिथे तर मला खरंच वाटलं की आता तरी ही गप्प बसेल. ती म्हणे हा ओढा नळावर चालतो. नळ बंद केला की ओढा बंद. आमच्यातली एक इतकी हसली की शेजारी दुर्बीण लावून बसलेले पक्षीवाले काका रागावून बघायला लागले.

१८५७ साली शहराने डिझाइनची स्पर्धा जाहीर केली, ३३ प्रवेशिका आल्या, आणि १८५८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांची ‘ग्रीन्सवर्ड’ नावाची योजना जिंकली. स्पर्धेत एक अट होती की पार्काला आडवे छेदणारे चार रस्ते पाहिजेतच, कारण पूर्वेकडून पश्चिमेला शहराची वाहतूक चालू राहायला हवी. बाकीच्यांनी रस्ते जमिनीवरूनच नेले, या दोघांनी ते खाली खणून नेले, कडेला भिंती, वरून पूल आणि झाडी, त्यामुळे पार्कात चालणाऱ्याला ते दिसतच नाहीत. आम्ही बेल्व्हेडियर कॅसलवर उभ्या होतो, अगदी उंचावर, चारी बाजूंनी हिरवं, आणि ती म्हणाली आत्ता तुमच्या पायाखालच्या खडकातून ७९व्या रस्त्याची बस चाललीय. खरंच बोगदा आहे खाली! हे १८५८ साली, जेव्हा मोटार नावाची वस्तू नव्हती आणि पार्काच्या आजूबाजूला अजून शहरही धड पोचलं नव्हतं.

मला इमारतींमधलं फार कळत नाही, पण हे ऐकल्यावर दिवसभर मी फुलं बघायची सोडून कुठे काय लपवलंय तेच शोधत होते.

खाणं: थालीपिठं, दही, लसणाची चटणी, आणि एकीने अख्खा डबा भरून दडपे पोहे आणलेले. शीप मेडोवर पसरलो. तिथे १९३४ पर्यंत खरोखरच्या मेंढ्या चरायच्या म्हणे.

उत्तरेकडचं पुढच्या पोस्टीत लिहिते, हात दुखला.

टवाळ_पोर

दडपे पोह्यांचा फोटो नाही तर वृत्तांत ग्राह्य धरला जाणार नाही.

पोपटराव_एडिसनकर

मस्त लिहिलंय. आमचे आई-बाबा पुढच्या महिन्यात येतायत, बाबांचे गुडघे यथातथाच. एवढं चालणं झेपायचं नाही. त्या तीनचाकी सायकलरिक्षा असतात त्या घ्याव्यात का?

मिसळसम्राट

पोपटराव, घ्या पण बसायच्या आधी दराचा बोर्ड नीट वाचा. दर मिनिटाला असतो! फेरीला नाही, माणशी नाही, मिनिटाला. आमच्या सासू-सासऱ्यांना एका रिक्षावाल्याने गोड बोलून बसवलं, सासरेबुवा आपल्या सवयीने "किती घेणार" विचारून तो एक आकडा ऐकून बसले, त्यांना वाटलं पूर्ण फेरीचे. तो गडी प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून इतिहास सांगत राहिला. उतरल्यावरचा हिशेब ऐकून सासरे बुवा अजून बोलत नाहीत त्या विषयावर. घड्याळ लावायचं आणि आधीच सांगायचं की अर्ध्या तासाच्या वर नको.

जाईजुई

पोपटराव, रिक्षा नकोच. ७२व्या रस्त्याला पश्चिमेकडून आत शिरा, तिथून बेथेस्डा टेरेस फार लांब नाही, वाटेत बाकंच बाकं आहेत, बाबांना दर थोड्या वेळाने बसता येईल. बाकांवरच्या पाट्या वाचत बसले तरी त्यांचा वेळ जाईल, लोकांनी देणगी देऊन आपल्या माणसांच्या नावाने लावलेल्या असतात. बेथेस्डाला मात्र वरून खाली जायला मोठ्या पायऱ्या आहेत, त्या त्यांच्या चालीने उतरू द्या, कारण खालची कमानींची ओसरी चुकवू नका. पुढे मॉल, म्हणजे खरेदीचा नव्हे, एल्म झाडांची ती सरळ लांब वाट. अख्ख्या पार्कात मुद्दाम सरळ ठेवलेली तेवढीच एक मोठी वाट आहे, बाकी सगळं वळणांचं. सपाट आहे, छान सावली.

आणि सबवेत ए ट्रेनमध्ये चुकून बसू नका, ५९ नंतर ती थेट १२५ला थांबते, पार्क मागे राहतं. सीच पकडा. बी पण चालते पण शनिवार-रविवारी बंद असते.

सरळरेषा

धागा आवडला. मीही त्याच धंद्यातला (आर्किटेक्ट, हल्ली बॉस्टन) त्यामुळे राहवत नाही. सगळीकडे ओल्मस्टेड ओल्मस्टेड होतं, पण त्या जोडीत शिकलेला आर्किटेक्ट होता तो वॉक्स. ओल्मस्टेडने त्याआधी शेती केलेली, पत्रकारिता केलेली, आणि पार्कच्या जागेवर देखरेखीची नोकरी करत होता. स्पर्धेत उतरायची कल्पना वॉक्सची, त्याने ओल्मस्टेडला बरोबर घेतलं कारण जमिनीचा कोपरा न कोपरा त्याला माहीत होता. पूल, कमानी, बेल्व्हेडियर यात वॉक्सचा हात आहे आणि त्याच्याबरोबर जेकब रे मोल्ड नावाचा अवलिया होता, बेथेस्डाचं सगळं नक्षीकाम त्याचं. पार्कात तीसपेक्षा जास्त पूल आणि कमानी आहेत आणि एकासारखा दुसरा नाही. आता यामागचं कारण बघा: बग्ग्यांचे रस्ते वेगळे, घोडेस्वारांचे वेगळे, पायी चालणाऱ्यांचे वेगळे, आणि ते एकमेकांना जिथे भेटतात तिथे एक वर एक खाली. म्हणून एवढे पूल. आपल्याकडे २०२० उलटल्यावरही पादचाऱ्याने कुठून चालायचं याचा पत्ता नसतो.

आणखी एक. दाराला भव्य कमानी बसवायचा प्रस्ताव नंतर आला होता, रिचर्ड मॉरिस हंट नावाच्या बड्या आर्किटेक्टचा, एकदम पॅरिस थाटाचा. वॉक्सने कडाडून विरोध केला. म्हणून आजही प्रवेशाला फक्त बुटकी दगडी भिंत आणि त्यात सोडलेली फट, बाजूला दाराचं नाव कोरलेलं. कुणीही यावं. माझ्या मते त्याने न बांधू दिलेली ती दारं हेच त्याचं सगळ्यात मोठं काम.

कट्टेकरी

सरळरेषा, न बांधलेल्या कामाचे पैसे लावता का हो क्लायंटला?

सरळरेषा

लावतो, मिळत नाहीत.

आजोळ

बेथेस्डा टेरेसच्या त्या ओसरीत गेलात तर मान वर करा. छताला मिंटन या इंग्लिश कंपनीच्या रंगीत टाइल्स आहेत, पंधरा हजारांच्या वर, त्या याच मोल्डने डिझाइन केलेल्या. मिंटनच्या टाइल्स एरवी जमिनीसाठी बनायच्या, छताला लावलेल्या मी तरी फक्त इथेच पाहिल्या. १९८०च्या दशकात खराब झाल्या म्हणून उतरवून ठेवल्या आणि मग बरीच वर्षं छत उघडंबोडकं, २००७ मध्ये दुरुस्त करून परत बसवल्या.

हे मला का लक्षात राहिलं सांगते. माझं माहेर भायखळा. राणीच्या बागेच्या दारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे ना, तिथली फरशी मिंटनची आहे. लहानपणी आम्ही त्या फरशीवर घसरगुंडी खेळायचो आणि वॉचमन ओरडायचा. इकडे न्यूयॉर्कात डोक्यावर तसलीच नक्षी बघितली तर मी नवऱ्याला सांगायला लागले, तो म्हणे टाइल्स काय सगळीकडे असतात. जाऊ दे.

जाईजुई

आजोळताई, आमच्या मैत्रिणीने नेमकं हेच दाखवलं पण भायखळ्याचं नाही सांगितलं, पुण्याची ना ती! तिला धागा पाठवते.

बरं आता बेथेस्डाच्या कारंज्याचं. मधोमध पंख पसरलेली देवदूत आहे ती एमा स्टेबिन्स नावाच्या बाईने केलेली, १८७३ची. न्यूयॉर्क शहराने एखाद्या बाईला एवढं मोठं सार्वजनिक शिल्पाचं काम द्यायची ती पहिलीच वेळ. आणि ती उगाच शोभेची नाही, १८४२ मध्ये क्रोटन नदीचं पाणी कालव्याने शहरात आणलं, त्याआधी इथे घाण पाण्याने कॉलराच्या साथी यायच्या, त्या स्वच्छ पाण्याचं ते स्मारक आहे. एवढं सगळं करून गंमत बघा, खऱ्या आयुष्यातल्या बाईचा पुतळा पार्कात यायला २०२० उजाडलं. तोवर बायका होत्या त्या गोष्टींतल्या नाहीतर देवदूत. आता मॉलवर सोजर्नर ट्रुथ, सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन या स्त्री-हक्कांसाठी लढलेल्या तिघी एका टेबलाभोवती आहेत.

मी_शहाणा

सगळे कौतुकच करतायत म्हणून विचारतो. जागा रिकामी होती का? ज्यांना हटवलं त्यांच्याबद्दल तुमच्या आर्किटेक्ट काही बोलल्या की नाही?

जाईजुई

बोलली, आणि तेच मला पुढच्या पोस्टीत लिहायचं होतं. पश्चिमेकडे साधारण ८२ ते ८९व्या रस्त्यांच्या मध्ये सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून तिथे काळ्या लोकांनी स्वतःच्या पैशाने जमिनी घेतलेल्या, घरं, तीन चर्च, शाळा. नंतर आयरिश कुटुंबंही आली. १८५५च्या जनगणनेत सव्वादोनशेच्या आसपास माणसं. जमीन असण्याला वेगळा अर्थ होता कारण न्यूयॉर्कात काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर अडीचशे डॉलरची मालमत्ता लागायची, गोऱ्यांना ती अट नव्हती. सरकारने जमीन संपादित केली, पैसे दिले पण बऱ्याच जणांनी कमी दिले म्हणून तक्रारी केल्या, आणि १८५७ पर्यंत सगळी वस्ती उठवली. पूर्ण पार्कच्या जागेतून मिळून सोळाशेच्या आसपास लोक हलवले. वर्तमानपत्रांनी त्यांना झोपडपट्टीवाले, बेकायदा राहणारे असंच रंगवलेलं. आता तिथे माहितीचे फलक लावलेत. आम्ही गेलो तेव्हा एक शाळेची सहल बसून डबे खात होती त्या गवतावर.

मी_शहाणा

सव्वादोनशे माणसं, मतदानाचा हक्क, चर्च, शाळा, आणि आता माहितीचा फलक. आपल्याकडे धरणग्रस्त असतात तसे हे उद्यानग्रस्त. मी कोयनेकडचा आहे, आमच्या आजोबांचं गाव पाण्याखाली आहे, त्यामुळे ‘जागा मोकळी केली’ असं वाचलं की पहिला प्रश्न हाच येतो. पार्क वाईट आहे असं म्हणत नाही. पण डिझाइनची तारीफ करताना मोकळी जागा कुणी करून दिली ते लिहायला हवं.

सरळरेषा

मान्य. मात्र एक लक्षात घ्या, जागा निवडली आणि संपादनाचा कायदा केला तो १८५३ साली, ओल्मस्टेड-वॉक्स नंतर आले. त्यांच्या नावावर ते पाप घालता येत नाही.

मी_शहाणा

धरणाच्या इंजिनिअरचंही आमच्याकडे हेच म्हणणं असतं. :)

कट्टेकरी

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

दगडधोंडे

मूळचे फक्त खडक असं वर म्हटलंय म्हणून माझं घोडं दामटतो. ते राखाडी चकचकीत खडक म्हणजे मॅनहॅटन शिस्ट, अभ्रक असतं म्हणून उन्हात चमकतात, वय पंचेचाळीस कोटी वर्षांच्या आसपास. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे बच्चा. दक्षिणेकडे अंपायर रॉक नावाचा मोठा खडक आहे, मुलं त्यावर चढत असतात, त्यावर लांब समांतर खोबणी दिसतील. पाण्याने झालेली नाहीत, हिमयुगात बर्फाची प्रचंड लादी दगडगोटे पोटाशी धरून वरून सरकत गेली त्याचे ओरखडे आहेत. ट्रेकर लोकांनी जरूर बघा, आणि ओल्यावर चढू नका, शेवाळलेल्या कातळाइतकाच दगा देतो.

पोपटराव_एडिसनकर

बापरे, मी गुडघ्यांचं विचारलं आणि धागा हिमयुगात गेला. वाचनखूण साठवली. एक शंका, आत हरवायला होतं असं ऐकलंय, फोनची रेंज गेली तर?

जाईजुई

दिव्याचे खांब बघा! प्रत्येकावर चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे म्हणजे जवळचा रस्ता, उदा. ७२ने सुरू झालं तर तुम्ही ७२व्या रस्त्याच्या रेषेत. शेवटचा आकडा सम असेल तर पूर्वेकडची बाजू जवळ, विषम असेल तर पश्चिमेकडची. आम्ही रॅम्बलमध्ये गोल गोल फिरून याच्याच जोरावर बाहेर पडलो. आईला शिकवलंत तर ती बाबांना घेऊन कुठूनही परत येईल.

आता उरलेलं पटकन. बेल्व्हेडियरवर शहराचं हवामान मोजायचं ठाणं आहे, टीव्हीवर सेंट्रल पार्कचं तापमान सांगतात ते इथलं. त्यापुढचं ग्रेट लॉन म्हणजे पूर्वीचा पाण्याचा चौकोनी हौद, १९३०च्या दशकात बुजवून हिरवळ केली. वरचा मोठा जलाशय मात्र अजून आहे, १०६ एकरांचा, कडेने सव्वादोन-अडीच किलोमीटरची धावायची वाट, पण त्यातलं पाणी १९९३ पासून शहराला प्यायला देत नाहीत. तिथे सगळे एकाच दिशेने पळतात, आम्ही गप्पा मारत उलट्या दिशेने गेलो तर तीन जणांनी ओरडून सांगितलं.

आणि १०० नंबरच्या वरती गेल्यावर गर्दी एकदम विरते. नॉर्थ वुड्स, दरी, छोटे धबधबे. मला तो भाग सगळ्यात आवडला, अगदी नळाचं पाणी आहे हे कळूनसुद्धा. शेवटी हार्लेम मीअर नावाचं तळं. तिथे १९६६ साली स्केटिंग रिंक आणि पोहण्याचा तलाव असं काँक्रीटचं धूड बांधलेलं, त्याने ओढ्याची वाटच अडवली होती. ते पाडून डेव्हिस सेंटर केलं, २०२५ मध्ये उघडलं, नवी इमारत उतारात अशी बसवलीय की छतावर गवत आणि खालून ओढा परत तळ्यात वाहतो. आमची मैत्रीण तिथे कितीतरी वेळ भिंतीला हात लावून बघत होती. टॉयलेट स्वच्छ आहे, हेही नोंदवते, बायकांना उपयोगी माहिती.

मिसळसम्राट

गाड्या अजून जातात का हो आतल्या रस्त्यांवरून? मी फार पूर्वी गेलो होतो तेव्हा टॅक्सी जायच्या.

आजोळ

नाही, २०१८ पासून आतल्या गोल रस्त्यावर मोटारी पूर्ण बंद. त्या खाली खणलेल्या चार आडव्या रस्त्यांवरून मात्र जातात. पण सायकली आणि ई-बाइक इतक्या सुसाट येतात की रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा, पोपटराव, विशेषतः बाबांना सांभाळा.

ब्रुकलीनकर

सगळं वाचून गप्प बसणार होतो, पण नाही बसवत. हीच जोडी नंतर ब्रुकलीनला आली आणि प्रॉस्पेक्ट पार्क केलं, ५२६ एकर. तिथे आडवे रस्ते घालायची सक्ती नव्हती, जागा सेंट्रल पार्कसारखी लांबट अरुंद नव्हती, त्यामुळे लाँग मेडोचं जे मोकळं दृश्य मिळतं ते मॅनहॅटनला मिळत नाही. एंडेल आर्च नावाच्या बोगद्यातून अंधारातून जायचं आणि एकदम अफाट हिरवं माळरान समोर. हात जास्त बसलेला होता ना दुसऱ्या वेळी. सरळरेषा काय म्हणतात?

सरळरेषा

ब्रुकलीनकरांशी सहमत आहे, पण हे मॅनहॅटनच्या मित्रांसमोर बोलत नाही.

जाईजुई

मैत्रीण अजून दोन आठवडे इथे आहे! तिला आत्ताच विचारलं, उडी मारून तयार. पुढच्या शनिवारी प्रॉस्पेक्ट पार्क कोण कोण येतंय? मी_शहाणा, तुम्हीही या, समोरासमोर भांडा.

मी_शहाणा

येतो. मिरचीचा ठेचा माझ्याकडून.

टवाळ_पोर

दडपे पोहे असतील तर मी येतोय, पार्क कुठलंही चालेल.

पोपटराव_एडिसनकर

मी पण, म्हणजे आई-बाबांना न्यायच्या आधी रंगीत तालीम होईल. पेन स्टेशनहून ट्रेन कुठली पण? शनिवारी यातली पण काही बंद असते का?

ब्रुकलीनकर

पेनहूनच २ किंवा ३ नंबर पकडा, थेट ग्रँड आर्मी प्लाझा, बदलायची गरज नाही. निघायच्या आधी ॲपवर एकदा बघून घ्या, वीकेंडला दुरुस्तीची कामं काढतात. स्टेशनच्या बाहेर मोठी कमान दिसेल, तिच्याखाली अकराला भेटू. ठेचावाल्यांनी पाणी पण आणा.